लायसोसोम चमकला म्हणजे तो काम करतोय असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मेंदूच्या आजारांवरच्या रिसर्चच्या बातम्या तुमच्या पेपरात बऱ्यापैकी नियमित येतात आणि मी त्या न चुकता वाचते, कारण माझं कामच ते आहे. लॅबमध्ये माणसाचे न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या पेशी, वाढवायचे आणि त्यांच्यातले लायसोसोम, म्हणजे जुना माल तोडणाऱ्या छोट्या पिशव्या, नीट चालतायत का ते बघायचं, हे मी गेली काही वर्षं करतेय. त्यामुळे "मेंदूच्या पेशींमधला कचरा साफ करण्यात यश" छापाचं हेडिंग आणि शेजारी काळ्या बॅकग्राउंडवर लाल-हिरव्या ठिपक्यांचा फोटो दिसला की माझी नजर आधी फोटोखालच्या ओळीवर जाते, आणि तिथे बहुतेक वेळा एवढंच असतं, "मायक्रोस्कोपखाली दिसणाऱ्या पेशी". ठिपका कसला आहे, कुठल्या डायने, म्हणजे रंगाने, रंगवलाय, तो वाढला तर चांगलं की वाईट, काही म्हणजे काही नाही. आणि सगळं घोडं तिथेच पेंड खातं. म्हणून हे पत्र. लांबणार आहे, कात्री लावायची तर लावा, फक्त डायवाला भाग तेवढा ठेवा.

आधी बातम्यांतलं ते "लॅबमध्ये मेंदू वाढवला" प्रकरण मिटवते. आमच्या डिशमध्ये मेंदू वगैरे काही नसतो, तळाला चिकटलेला पेशींचा एक पातळ थर असतो, नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर धड दिसतही नाही. पेशंटची थोडीशी कातडी किंवा रक्त घेतात, त्यातल्या पेशींना चार ठराविक जीन देऊन परत अगदी सुरुवातीच्या, पुढे काहीही बनू शकेल अशा अवस्थेत नेतात. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या पेशींवर हे करून दाखवलं, २०१२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा त्यासाठीच. त्या पेशींना आम्ही आयपीएस सेल म्हणतो. मग त्यांचे न्यूरॉन करायचे दोन रस्ते आहेत, एक म्हणजे गर्भात साधारण ज्या क्रमाने सिग्नल मिळतात त्याच क्रमाने केमिकल देत जायचं, याला आठवडे नाही तर महिने जातात, आणि दुसरा शॉर्टकट म्हणजे एनजीएन२ नावाचा एकच जीन जोरात चालू करायचा. २०१३ मध्ये स्टॅनफर्डच्या थॉमस झ्यूडहॉफ यांच्या लॅबने दाखवलं की असं केलं तर दोन आठवड्यांच्या आत न्यूरॉन तयार. आता तयार म्हणजे दिसायला तयार. कामाला लागायला त्यांना पुढेही बरेच आठवडे द्यावे लागतात, हे बातमीत कधीच येत नाही.

आणि हे न्यूरॉन सांभाळणं म्हणजे तान्ह्या बाळाचा कारभार आहे हो. डिशला आधी लॅमिनिनसारख्या चिकट प्रोटीनचा थर द्यायचा नाहीतर ते बसतच नाहीत, मीडिया, म्हणजे पेशींचं पोषक पाणी, बदलताना सगळा काढायचा नाही, अर्धा काढून अर्धा नवीन घालायचा, तोही कडेकडेने, कारण जरा जोरात धार पडली की अख्खी जाळी चादरीसारखी सुटून वर तरंगायला लागते आणि दीड महिन्याची मेहनत एका सेकंदात गेली. रविवार नाही, सुट्टी नाही. असो, रडगाणं थांबवते.

आता लायसोसोम. ही पेशीतली एक छोटीशी पिशवी, आत ॲसिड आणि साठेक वेगवेगळे तोडफोड करणारे एन्झाइम. जुनं झालेलं प्रोटीन, फाटकी मेम्ब्रेन, बिघडलेली मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीची ऊर्जाघरं, सगळं इथे येतं आणि त्याचे सुटे भाग होऊन परत वापरायला बाहेर जातात. म्हणून बातम्यांत लायसोसोमला "कचराकुंडी" म्हणतात ते मला बिलकुल आवडत नाही. कुंडीत टाकलेलं तिथेच पडून राहतं, इथे तर प्रत्येक स्क्रू वेगळा काढून परत कामाला लावतात, भंगारवाला म्हटलं असतं तरी जास्त बरोबर झालं असतं. शिवाय नुसतं तोडणं एवढंच त्याचं काम नाही. पेशीने आत्ता वाढायचं की काटकसर करायची हे ठरवणारं एमटॉर नावाचं जे मंडळ आहे ते लायसोसोमच्याच अंगावर बसून निर्णय घेतं. म्हणजे लायसोसोम बिघडला की घाण तर साठतेच, वर पेशीचा हिशोबही चुकायला लागतो.

न्यूरॉनलाच याचा एवढा त्रास का, तर दोन कारणं आहेत. पहिलं, न्यूरॉन विभागत नाही. कातडीच्या पेशीत घाण साठली तर ती दोन पेशींत वाटली जाते, मग चारांत, आपोआप पातळ होते. न्यूरॉनला ती सोय नाही, जन्मापासून मरेपर्यंत तीच पेशी, स्वतःचं स्वतः निस्तरायचं. आणि दुसरं म्हणजे त्याचा आकार. पाठीच्या कण्यातून पायापर्यंत जाणाऱ्या न्यूरॉनची शेपटी, म्हणजे ॲक्झॉन, मोठ्या माणसात मीटरभर लांब असू शकते, आणि गंमत म्हणजे पूर्ण ताकदीचे लायसोसोम बहुतेक करून मूळ पेशीच्या धडाजवळ असतात. पार टोकाला तयार झालेली घाण एका पाकिटात भरली जाते आणि ते पाकीट डायनीन नावाच्या मोटरवर बसून उलटा प्रवास करत धडाकडे येतं, वाटेत हळूहळू ॲसिडिक होत होत. हा प्रवास आम्ही लाइव्ह बघतो, काळ्या स्क्रीनवर एकेक ठिपका तुरुतुरु चाललेला असतो, मधेच थांबतो, परत चालायला लागतो. खरं सांगते, कितीही वेळा बघितलं तरी कंटाळा येत नाही. पेशंटच्या न्यूरॉनमध्ये कधी कधी हाच ट्रॅफिक जॅम झालेला दिसतो.

मग उंदरावर का नाही करत हे सगळं, असं कोणी विचारेल. करतात ना, आणि करायलाही पाहिजे, पण उंदीर काही ठिकाणी चक्क फसवतो. टे-सॅक्स नावाचा आजार घ्या, लहान मुलांच्या मेंदूत एक प्रकारची चरबी साठत जाते कारण ती तोडणारा लायसोसोममधला एन्झाइम नसतो, फार वाईट आजार आहे. उंदरात तोच जीन काढून टाकला तर उंदीर जवळजवळ ठणठणीत राहतो, कारण त्याच्याकडे ती चरबी तोडायचा एक आडमार्ग आहे, जो माणसात पुरा पडत नाही. दुसरं उदाहरण २०१७ चं, पार्किन्सनचं. नॉर्थवेस्टर्नच्या दिमित्री क्रेंक यांच्या ग्रुपने दाखवलं की पार्किन्सनच्या पेशंटच्या न्यूरॉनमध्ये ऑक्सिडाइज झालेलं डोपामीन साठतं आणि त्याने लायसोसोमचा एक महत्त्वाचा एन्झाइम मंदावतो, आणि हे माणसाच्या न्यूरॉनमध्ये दिसतं, तेच म्युटेशन, म्हणजे जीनमधला बदल, असलेल्या उंदराच्या न्यूरॉनमध्ये दिसत नाही. तेही डिशमध्ये कित्येक आठवडे वाढवल्यावर. दोन आठवड्यांत घाई करून बघितलं असतं तर "काही फरक नाही" असं लिहून मोकळे झाले असते सगळे.

आता मुद्द्यावर येते, आणि त्यासाठी माझीच एक फजिती सांगते. मी नवीन होते तेव्हा एका म्युटेशनवाल्या न्यूरॉनची आणि नॉर्मल न्यूरॉनची तुलना करायचं काम माझ्याकडे होतं. लायसोट्रॅकर म्हणून एक डाय मिळतो, पेशींवर टाकला की ॲसिड असेल तिथे जाऊन अडकतो, लायसोसोम लालभडक चमकतात. मी टाकला, फोटो काढले, आणि म्युटेशनवाले न्यूरॉन नॉर्मलपेक्षा कितीतरी जास्त चमकत होते. मी खूश, मीटिंगमध्ये छाती फुगवून सांगितलं की म्युटेशनमुळे लायसोसोमचं काम वाढलंय, बहुतेक पेशी नुकसान भरून काढतेय वगैरे, स्टोरी पण तयार केली होती मी पूर्ण. सगळे ऐकून घेत होते, मग एका सीनियरने शांतपणे विचारलं, "काम वाढलंय की नुसती संख्या वाढलीये?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग पुढचे दोन महिने तेच शोधण्यात गेले, आणि निघालं काय तर लायसोसोम फुगलेले होते, संख्येनेही जास्त होते, आणि आत घातलेलं प्रोटीन तोडण्याचा वेग मात्र नॉर्मलपेक्षा कमी. म्हणजे तुंबलेली गटारं मोजून मी ड्रेनेज सुधारलं असं सांगत होते.

तेव्हापासून माझं एकच तुणतुणं आहे, लायसोसोम दिसणं वेगळं आणि तो काम करणं वेगळं. आणि बातम्यांमध्ये या दोन गोष्टींची सरसकट खिचडी होते.

कसं तपासायचं मग? इथे थोडं टेक्निकल होईल पण अवघड नाहीये. लॅम्प१ नावाचं प्रोटीन लायसोसोमच्या भिंतीत असतं, त्याला अँटीबॉडीने रंगवलं की पिशव्या मोजता येतात, पण पिशवी मोजली म्हणजे आतला माल कळला असं नाही, आणि न्यूरॉनच्या शेपटीत तर लॅम्प१ असलेल्या कितीतरी पिशव्यांमध्ये तोडणारे एन्झाइम नसतातच. लायसोट्रॅकर ॲसिड असलेली जागा दाखवतो पण ॲसिड किती ते सांगत नाही, आणि वर तो स्वतः सौम्य बेस, म्हणजे ॲसिडच्या उलट, आहे, जास्त वेळ ठेवला तर जे मोजायला गेलो तेच बिघडवतो. ॲसिड किती हे मोजायचं तर वेगळा उद्योग करावा लागतो, दोन डाय एकत्र घालायचे, एक ॲसिडमध्ये विझणारा आणि एक न विझणारा, दोघांचं रेशो काढायचं आणि मग ज्ञात पीएचच्या द्रावणांमध्ये तीच पेशी ठेवून पट्टी जुळवून घ्यायची. पीएच म्हणजे ॲसिडचं माप, आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त. लायसोसोमचा पीएच साधारण ४.५ ते ५ आणि बाहेरच्या सायटोप्लाझमचा, म्हणजे पेशीतल्या बाकी द्रवाचा, ७.२ च्या आसपास. आकडे जवळजवळचे वाटतात पण पीएचचा हिशोब दहाच्या पटीत चालतो, म्हणजे आत बाहेरच्यापेक्षा शेकडो पट जास्त ॲसिड, आणि ४.५ चा ५.५ झाला तर ॲसिड दहा पटीने कमी झालं. तेवढ्याने कितीतरी एन्झाइम सुस्त पडतात. हे ॲसिड टिकवायला भिंतीत एक प्रोटॉन पंप अखंड चालू असतो, एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळत.

आणि प्रत्यक्ष तोडफोड बघायची तर डीक्यू-बीएसए वापरतात, हे मला सगळ्यात आवडतं. एका प्रोटीनवर डायचे इतके रेणू दाटीवाटीने चिकटवलेले असतात की ते एकमेकांचा उजेड मारून टाकतात, पेशीने ते गिळलं, लायसोसोममध्ये नेलं, तोडलं, की तुकडे लांब होतात आणि मगच चमकतात. म्हणजे इथे चमक म्हणजे खरंच काम झाल्याचा पुरावा. अर्थात पेशीने गिळलंच कमी असेल तरी चमक कमी येणार, म्हणून ते वेगळं तपासायचं. आणि दरवेळी एका डिशमध्ये बॅफिलोमायसिन टाकायचं, ते प्रोटॉन पंप बंद पाडतं, तिथे चमक गेलीच पाहिजे. नाही गेली तर आपण भलतंच काहीतरी मोजतोय, गुपचूप पहिल्यापासून सुरू करायचं.

बघा, एकच लायसोसोम पण चार डाय चार गोष्टी सांगतात, आणि फोटो सगळ्यांचे सारखेच सुंदर येतात. छापलेल्या फोटोवरून तुम्हाला काय, मलाही कळणार नाही कुठला आहे ते.

यात नवीन काही नाही म्हणा, लायसोसोम सापडला तोच असा चकवा देत. बेल्जियमचे क्रिश्चन द डूव्ह उंदराच्या लिव्हरवर इन्सुलिनच्या संदर्भात काम करत होते, ॲसिड फॉस्फटेज नावाचा एक एन्झाइम ते नुसता तुलनेसाठी मोजत होते. पेशी हलक्या हाताने फोडल्या तर तो अपेक्षेच्या जेमतेम दहावा हिस्सा सापडायचा. दुसरा कोणी असता तर आकडा चुकला म्हणून सँपल फेकून दिलं असतं. यांनी तेच सँपल काही दिवस फ्रिजमध्ये ठेवून परत मोजलं तर एन्झाइम कितीतरी वाढलेला! वाढला कुठून, तो आधीपासून होताच, पिशवीत बंद होता, पिशव्या हळूहळू फुटल्या आणि तो बाहेर आला. त्यावरून १९५५ मध्ये त्यांनी लायसोसोम हे नाव दिलं आणि १९७४ चं नोबेल मिळालं. म्हणजे एन्झाइम असणं, तो मोजता येणं आणि तो जागेवर काम करणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे आपल्याला.

आणि हीच चूक आजही होते, उलट्या बाजूने. पेशी फोडून, त्यांचा लगदा ॲसिडवाल्या बफरमध्ये घालून एन्झाइम किती काम करतो ते मोजतात, सोपी टेस्ट आहे, अर्ध्या दिवसात होते. पण ॲसिड आपण दिलं ना बाहेरून! जिवंत न्यूरॉनमध्ये तो एन्झाइम लायसोसोमपर्यंत पोचला होता का, तिथे ॲसिड होतं का, हे त्यातून कळतच नाही. "औषधाने एन्झाइमची क्षमता वाढली" असं वाचलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो, कुठे वाढली, जिवंत पेशीत की लगद्यात?

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण जीबीए१ जीनचं. हा जीन ग्लुकोसेरेब्रोसिडेज नावाचा लायसोसोमचा एन्झाइम बनवतो. दोन्ही कॉपी खराब असतील तर गोशे नावाचा आजार होतो. एकच कॉपी खराब असेल तर माणूस सहसा ठणठणीत असतो, पण २००९ मध्ये एलेन सिड्रान्स्की यांच्या पुढाकाराने अनेक देशांतल्या १६ सेंटरचा डेटा एकत्र आला आणि दिसलं की पार्किन्सनच्या पेशंटमध्ये या जीनची म्युटेशन इतरांपेक्षा पाच पटीहून जास्त प्रमाणात सापडतात. इथे लगेच सांगते, कारण हेही बातमीत नीट येत नाही, म्युटेशन असलेल्या बहुतेकांना पार्किन्सन कधीच होत नाही, उगाच कोणी घाबरू नये. तर हा एन्झाइम पेशीच्या कारखान्यात बनतो, नीट घडी बसली तरच लिंप२ नावाचा हमाल त्याला उचलून लायसोसोमला नेतो, काही म्युटेशनमध्ये घडीच चुकते आणि माल कारखान्यातच अडकतो. २०११ मध्ये पेशंटच्या आयपीएस सेलपासून केलेल्या न्यूरॉनमध्ये दिसलं की हा एन्झाइम कमी पडला की अल्फा-सिन्यूक्लीन नावाचं प्रोटीन साठतं, आणि ते साठलं की उरलेला एन्झाइमही लायसोसोमपर्यंत नीट पोचत नाही. म्हणजे दुष्टचक्र, आधी कोंबडी की आधी अंडं. हे चक्र जिवंत मानवी न्यूरॉनमध्ये बघता आलं हीच मोठी गोष्ट होती, कारण पेशंटचा मेंदू हातात येतो तो मृत्यूनंतर, आणि तेव्हा पुरानंतरचं गाव असतं ते, पाणी कुठून शिरलं ते कळत नाही.

यातूनच ॲम्ब्रोक्सॉलचं नाव पुढे आलं, खोकल्याच्या औषधातलं ॲम्ब्रोक्सॉल, तेच. ते या एन्झाइमला घडी नीट घालायला मदत करतं असं लॅबमध्ये दिसलं, मग पार्किन्सनच्या १७ पेशंटवर छोटी ट्रायल झाली, २०२० मध्ये छापून आली, त्यात कळलं की औषध मेंदूभोवतीच्या पाण्यापर्यंत पोचतं आणि पेशंटना ते सहन होतं. बस्स, एवढंच. तुलनेला प्लेसिबो, म्हणजे खोटं औषध घेणारा, ग्रुप नव्हता त्यात, म्हणजे आजार थांबतो की नाही हे त्या ट्रायलवरून ठरूच शकत नाही, ते मोठ्या ट्रायलचं काम. पण सुतावरून स्वर्ग गाठायची घाई केवढी! माझ्या ओळखीतल्या एकांनी, त्यांच्या वडिलांना पार्किन्सन आहे, मला अशाच एका बातमीचा फोटो पाठवून विचारलं की खोकल्याच्या औषधाने बरं होतं म्हणतात, किती चमचे देऊ? मी त्यांना काय बोलणार, त्यांचा काय दोष. ट्रायलमधला डोस खोकल्याच्या डोसपेक्षा कितीतरी जास्त होता आणि डॉक्टरांच्या नजरेखाली होता, हे मला फोनवर समजवावं लागलं, जे बातमीत एका ओळीत बसलं असतं.

आता दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर वाटेल मीच फक्त शहाणी. मोजण्यावरून भांडणं शास्त्रज्ञांतही जोरदार आहेत. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या राल्फ निक्सन यांच्या ग्रुपने दाखवलं की प्रेसेनिलिन१ हा जीन, ज्याच्या म्युटेशनमुळे कमी वयात अल्झायमर होतो, तो नसेल तर लायसोसोममध्ये ॲसिड नीट तयार होत नाही. दोनच वर्षांत दुसऱ्या ग्रुप्सनी मोजलं आणि म्हणाले की आम्हाला पीएच ठीकच दिसतोय, बिघाड असेल तर दुसरीकडे आहे. मोठमोठ्या लॅब, सगळे हुशार, आणि वाद कशावर तर पीएच ४.५ आहे की ५ च्या वर. पेशी वेगळ्या, डाय वेगळे, पट्टी जुळवायची पद्धत वेगळी. निक्सन यांच्या ग्रुपचं काम पुढेही चालू राहिलं, २०२२ मध्ये त्यांनी अल्झायमरच्या उंदरांमध्ये ॲसिड कमी झालेल्या पाकिटांनी न्यूरॉन फुलासारखा फुगतो असं दाखवलं, ते फोटो तर खूप गाजले. अशा वेळी "अल्झायमरचं कारण सापडलं" असं हेडिंग आलं की मला हसावं की रडावं कळत नाही, कारण जी गोष्ट मोजण्यावरून इतकी वर्षं खल चाललाय तिचा निकाल तुम्ही दोन कॉलमात लावून टाकता.

आणि आमच्या डिशमधल्या न्यूरॉनच्या मर्यादा पण आहेत, त्या लपवायच्या कशाला. सत्तरीच्या पेशंटची कातडी घेतली तरी आयपीएस सेल बनताना वयाच्या बहुतेक खुणा पुसल्या जातात, म्हणजे त्यातून निघालेला न्यूरॉन वागायला गर्भातल्या न्यूरॉनच्या जवळचा असतो. म्हातारपणी होणारा आजार आपण नवजात पेशीत शोधतोय! काही लॅब त्यासाठी कातडीच्या पेशीला मधली पायरी गाळून थेट न्यूरॉन बनवतात, त्यात वयाच्या खुणा बऱ्याच टिकतात, पण अशा पेशी फार संख्येने मिळत नाहीत. शिवाय डिशमध्ये बहुतेक वेळा नुसते न्यूरॉन असतात, मेंदूत त्यांच्या सोबतीला ज्या ग्लिया पेशी असतात, ज्यातल्या मायक्रोग्लिया स्वतःच मोठ्या साफसफाईवाल्या आहेत, त्या नसतात. आणि दोन माणसांच्या पेशी तशाही वेगळ्या वागतात, आजार असो नसो. म्हणून आता क्रिस्पर या जीन दुरुस्त करायच्या तंत्राने पेशंटच्याच पेशीतलं ते एक म्युटेशन दुरुस्त करून जुळी पेशी बनवायची आणि तिच्याशी तुलना करायची अशी पद्धत आहे. बाकी सगळं सेम, फक्त एक अक्षर वेगळं. असा कंट्रोल नसेल तर पेशंटच्या न्यूरॉनमध्ये दिसलेला फरक आजाराचा की माणसामाणसातला, सांगता येत नाही. मी तरी अशा कंट्रोलशिवायच्या निकालावर पैज लावणार नाही.

एवढं सगळं असूनही मी हे काम सोडून दुसरं करणार नाही, आणि तुम्हीही या बातम्या छापणं बंद करू नका. लायसोसोमचे पन्नासहून जास्त जन्मजात आजार आहेत, त्यातल्या निम्म्याहून जास्त आजारांत मेंदूला फटका बसतो, प्रत्येक आजार दुर्मिळ, त्यामुळे त्या मुलांच्या आईवडिलांना वाचायला माहितीच मिळत नाही, मिळते ती अशी अर्धवट. काही आजारांत खरंच काहीतरी हाताला लागलंय, बॅटन आजाराच्या एका प्रकारात नसलेला एन्झाइम थेट मेंदूतल्या पोकळीत सोडतात, २०१७ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, आणि त्या मुलांचं चालणं जाण्याचा वेग त्याने कमी होतो. बरं होत नाही, वेग कमी होतो. असं लिहिलं तरी आईवडील वाचतात हो, त्यांना "चमत्कार" शब्द नको असतो.

माझं मागणं तसं छोटंच आहे. बातमी देणाऱ्याने संशोधकांना एवढं विचारावं की तुम्ही लायसोसोम मोजले की त्यांचं काम मोजलं, न्यूरॉन किती आठवड्यांचे होते, आणि तुलना कोणाशी केली. तीन प्रश्न, फोनवर पाच मिनिटं. ज्याने खरंच काम केलंय तो आनंदाने सांगेल, उलट त्याला थांबवावं लागेल, माझ्यासारखं. आणि जो टाळाटाळ करेल त्याची बातमी आतल्या पानावर टाका.

आणि फोटोखाली डायचं नाव. "लाल: लायसोट्रॅकर" एवढं जरी छापलंत तरी मला कळेल की ठिपके नुसते मोजायचे आहेत, "डीक्यू-बीएसए" असेल तर मी खुर्ची पुढे ओढून वाचेन. बाकीच्या वाचकांना त्या शब्दाचा अर्थ कळणार नाही असं तुमच्या डेस्कवर कोणीतरी म्हणेलच, तर मग हे पत्र छापा ना आधी.

कळावे,
आपली एक नियमित वाचक